आधी कुठे पाहायचे: बेपत्ता मूल आणि नगरच्या नद्या

मूल दिसेनासे झाले की गाव आधी पाण्याकडे धावते. अहिल्यानगर जिल्ह्यात तर धावणारच. उत्तरेला प्रवरा, मुळा आणि गोदावरी, दक्षिणेला घोड, कुकडी, भीमा, सीना; त्यात कालवे, चाऱ्या, शिवाराशिवारात विहिरी आणि अलीकडे प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी. पाण्याकडे धावण्यात काही चूक नाही. चूक त्यानंतर होते. काठावर माणसे जमतात, कुणी गळ टाकतो, कुणी पट्टीचा पोहणारा डोहात उडी घेतो, आणि तासाभरात कुणीही न ठरवता ठरून जाते की मूल नदीतच गेले. मग उसात कुणी शिरत नाही, एसटी स्टँडवर कुणी विचारत नाही, शेजारच्या वस्तीवरच्या विहिरीत कुणी वाकून पाहत नाही.

या लेखात मांडायचे आहे ते एवढेच, की नदीतला शोध म्हणजे अनेक शक्यतांपैकी एका शक्यतेचा पडताळा. तो किती वेळ, कुठे आणि कोणत्या साधनाने घ्यायचा हे ठरवण्याची एक रीत आहे. ती पाळली नाही तर मूल सापडायला उशीर होतो, आणि कधी कधी शोधणाऱ्यांचाही जीव जातो.

पुरावा किती वजनाचा

'मूल पाण्यात गेले' या वाक्यामागे तीन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, कुणीतरी त्याला पाण्यात पडताना किंवा गटांगळ्या खाताना प्रत्यक्ष पाहिले. दुसरी, कुणी पाहिले नाही, पण काठावर चप्पल, कपडा किंवा खेळणे सापडले. तिसरी, काहीच सापडलेले नाही. नदी जवळ आहे, एवढेच. पहिल्या प्रकारात सगळी ताकद पाण्यात लावावी. तिसऱ्या प्रकारात तसे करणे म्हणजे अंदाजाला पुरावा समजणे. आपल्याकडे तिन्ही प्रकारांत शोध सारखाच चालतो, हीच खरी अडचण.

दुसरा प्रकार सर्वांत फसवा. लहान मुले चप्पल कुठेही सोडतात आणि अनवाणी पुढे जातात. म्हणून चप्पल मिळाली, यापेक्षा ती नेमकी कुठे, कशी पडलेली होती, तिची टाच पाण्याकडे होती की वाटेकडे, शेजारच्या गाळात पावलांचे ठसे उतरले होते की वर चढले होते, हे महत्त्वाचे. आणि नेमके तेच हरवते. ज्याला ती सापडते तो ती उचलून आईकडे धावत नेतो. आईला दाखवलीच पाहिजे, पण आधी जागेवर दगड ठेवून खूण करावी, मोबाइलवर फोटो काढावा, आणि काठाचा तेवढा पट्टा कुणालाही तुडवू देऊ नये. पोलीस पाटलाने सर्वांत आधी करायचे काम हे आहे.

वेळेबाबतही तसेच. 'शेवटचे कधी पाहिले?' या प्रश्नाला घड्याळातले उत्तर मागितले की माणूस काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो. ऊसतोडीच्या मोसमात हे फार जाणवते. तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, बहुधा पाण्याच्या आसऱ्याने असतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात, आणि दोन-तीन वर्षांचे लेकरू सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. त्या बहिणीला 'किती वाजता?' असे विचारून काय मिळणार? 'पहिली गाडी भरून गेली तेव्हा होता का? आई न्याहारीला आली तेव्हा?' असे विचारले तर ती नेमके सांगते. गाडी किती वाजता भरली हे मुकादमाला ठाऊक असते आणि ती काट्यावर कधी पोचली याची नोंद कारखान्यात असते. त्या मुलीवर ओरडू नये. त्या घडीला सर्वांत मोलाची साक्षीदार तीच असते, आणि घाबरली की ती गप्प होते.

पहिला तास आणि नंतरचे तास

बुडालेल्या माणसाच्या मेंदूला चार ते सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा होऊ लागते. बर्फाळ पाण्यात याहून जास्त वेळ पाण्याखाली राहून मुले वाचल्याची उदाहरणे जगात आहेत. आपल्या कोमट नद्यांत तशी आशा फारच थोडी. म्हणून अगदी सुरुवातीला सर्वांत जवळचे पाणी पाहायचे हे योग्यच: घरामागचा हौद, शेततळे, चारी, विहीर, मग नदी.

विहिरी आणि शेततळी नदीच्या आधी घ्यायला आणखी एक कारण आहे. त्यांना कड असते. विहिरीत गळ फिरवून, मोटारी लावून पाणी उपसून, 'इथे नाही' हे जवळजवळ खात्रीने सांगता येते. नदीबद्दल तसे कधीच सांगता येत नाही. ज्या जागेचा निकाल लागू शकतो ती आधी संपवावी. शेततळ्याचा कागद शेवाळाने बुळबुळीत होतो आणि उतरलेल्या मुलाला वर चढता येत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असते; तरी 'आमच्या तळ्याला कुंपण आहे' म्हणून ते वगळले जाते. कुंपण असले तरी तळे पाहावेच.

पहिला तास उलटला की मात्र हिशेब उलटतो. आता मूल पाण्याखाली असेल तर ते हयात असण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. ते जिवंत असेल तर ते उसात, वाटेवर, कुणाच्या घरात, कुणाच्या गाडीत किंवा फार तर नदीतल्या एखाद्या खडकावर, बेटावर असेल. म्हणजे तासाभरानंतर माणसांचा मोठा भाग जमिनीवरच्या शोधाकडे वळायला हवा, आणि प्रत्यक्षात नेमके त्याच वेळी सगळे गाव घाटावर येऊन उभे राहते. पाण्याकडे बघत उभे असलेले दोनशे लोक शोध घेत नसतात.

उसातला शोध सोपा नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला आपण हरवलो आहोत हेच कळत नाही. ते दमले की सावलीत आडवे होऊन झोपते. थोडे मोठे मूल अनोळखी माणसांच्या हाका ऐकून उलट लपते. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते. अशी मुले घराबाहेर भटकतात तेव्हा त्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बुडणे हेच असते, आणि हाकेला ती बहुधा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून मूल कोणत्या वयाचे आणि कसे आहे हे घरच्यांना विचारल्याशिवाय शोधाची दिशा ठरवू नये. शिवाय अकोले, संगमनेर, राहुरी या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो, तिथेच त्याची पिल्ले वाढतात. मूल संध्याकाळी उसाच्या कडेवरून नाहीसे झाले असेल तर वनविभागाला त्याच क्षणी कळवावे. उष्णता टिपणारा ड्रोन मोकळ्या रानात उपयोगी आहे, दाट उसावर कमी, आणि पाण्याखाली शून्य. 'ड्रोन फिरवला' एवढ्याने कोणतीही जागा तपासली गेली असे होत नाही.

पात्र

नदी एकसारखी नसते, आणि नगरच्या नद्या तर माणसाने तुकडे करून ठेवलेल्या आहेत. प्रवरेवर भंडारदरा, त्याखाली निळवंडे, मग ओझरचा बंधारा, मग एकामागून एक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांना लोक नुसते 'केटी' म्हणतात. मुळेवर बारागाव नांदूरचे मुळा धरण. प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते ती जायकवाडीच्या फुगवट्यात. यामुळे 'नदीत शोधा' या आदेशाला अर्थच उरत नाही. नदीच्या कोणत्या तुकड्यात, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात, हे विचारावे लागते.

केटीला पावसाळ्याअखेर फळ्या बसतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. फळ्या असताना दोन बंधाऱ्यांमधले पाणी म्हणजे लांबट तळे. सांडव्यावरून पाणी जात नसेल तर त्या तुकड्यात गेलेले काहीही त्याच तुकड्यात राहते. शोधाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे: खालच्या बंधाऱ्यावर दोन माणसे पहाऱ्याला बसवली की हद्द आखली गेली. जुलै-ऑगस्टमध्ये फळ्या नसतात, तेव्हा बंधारा म्हणजे नुसते खांब, आणि हद्द उरत नाही. पुरातले पाणी काय करते हे राज्याने 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल पडला तेव्हा पाहिले. काही मृतदेह खाडीतून थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहत गेले. जड एसटी मात्र पुलापासून फार लांब गेली नव्हती, आणि तरी ती सापडायला कितीतरी दिवस लागले.

उन्हाळ्यात धोका वेगळा. वाळू उपसलेल्या पात्रात गुडघाभर पाण्याशेजारी अचानक दोन पुरुष खोल खड्डा असतो. 'इथे तर पोरे रोज खेळतात' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला माहीत असलेली नदी गेल्या वर्षीची असते. तळ आज कसा आहे हे सर्वांत अचूक ठाऊक असते ते वाळू काढणाऱ्यांना, आणि तो धंदा बेकायदा असल्याने ते पुढे येऊन सांगत नाहीत. तपास अधिकाऱ्याने त्यांना बाजूला घेऊन विचारावे, त्या दिवशी गुन्ह्याची भाषा काढू नये.

कुकडीचे निघोजजवळचे पात्र हा तर स्वतंत्र विषय. तिथे पाण्याबरोबर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या कातळात रांजणखळगे कोरले आहेत. काही अरुंद तोंडाचे, आत रुंद. तिथे गळ ओढून काही कळत नाही, गळ कातळात अडकतो. पाणबुड्यालाही आत जाऊ देणे जोखमीचे. वरचे पाणी बंद करून पातळी उतरवणे आणि खळगा खळगा पाहणे, एवढाच खात्रीचा मार्ग.

आणि जायकवाडीच्या फुगवट्यात प्रवाहच जवळपास संपतो. तिथे वर तरंगणारी वस्तू वारा नेईल तिकडे जाते. प्रवरासंगमच्या बाजूला पडलेले काही पलीकडच्या काठाला लागू शकते, आणि पलीकडचा काठ दुसऱ्या जिल्ह्याचा असतो.

तळ आणि दिवस

बुडालेले शरीर गोड्या पाण्यात बहुधा तळाला जाते. हा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर धरतात. चार मीटर खोल डोहात तळ गाठायला आठ सेकंद. वरचा प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असला तरी तेवढ्या वेळात शरीर चारेक मीटर सरकेल. आणि तळाशी प्रवाह वरच्यापेक्षा बराच मंद असतो. म्हणजे संथ पाण्यात पहिल्या दिवशी शोधायची जागा आहे ती शेवटचे पाहिले त्याच्या आसपास, खालच्या अंगाला थोडीशी सरकलेली. तरीही लोक 'पाण्याने नेले असेल' म्हणून पहिल्याच संध्याकाळी चार-पाच किलोमीटर खाली जाऊन पाहतात, आणि डोह अर्धवट राहतो.

पुढे शरीरात वायू तयार होतो आणि ते वर येते. किती वेळाने, हे पाण्याच्या उष्णतेवर आणि खोलीवर ठरते. 21 मे 2024 रोजी उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने शोध घेतला, नाव दुसऱ्या दिवशी तळाशी सापडली, पण मृतदेह पाण्यावर येऊ लागले ते तिसऱ्या दिवशी सकाळी. मे महिन्याच्या तापलेल्या पाण्यात हा काळ दीड-दोन दिवसांचा. डिसेंबरात भंडारदऱ्याच्या खोल थंड पाण्यात तो कितीतरी लांबतो. फार खोलवर पाण्याच्या दाबाने वायू फुगतच नाही, आणि शरीर वर येईलच असे सांगता येत नाही. म्हणून वर येण्याची वेळ जवळ आली की माणसे डोहातून काढून काठांवर, बंधाऱ्यांवर, जलपर्णीच्या आणि वेड्या बाभळींच्या कडेने लावायची. शोधाची पद्धत दिवसागणिक बदलावी लागते, ती या घड्याळाप्रमाणे.

'तिथे पाहिले' म्हणजे काय

नदीच्या शोधात सर्वांत घातक वाक्य 'तिथे आम्ही पाहिले' हे आहे. कुणी, कशाने, किती वेळ, किती रुंदीत? गढूळ पाण्यात गळ फिरवणे म्हणजे काही जागांना स्पर्श करणे. ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढणारे सोनार सपाट वाळूवर उत्तम, खडकाळ पात्रात आणि बुडालेल्या झाडांत गोंधळलेले. प्रत्येक साधनाला त्या त्या जागी सापडण्याची एक शक्यता असते आणि ती कधीच शंभर टक्के नसते.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी बर्नार्ड कूपमन आणि त्याच्या अमेरिकी नौदलातल्या सहकाऱ्यांनी यावरच गणित उभे केले. ते गावच्या पातळीवरही चालते. समजा, कुणी पाहिलेले नाही, पण घाटावर चप्पल मिळाली आहे. आपण बसून अंदाज केला: घाटाखालच्या डोहात असण्याची शक्यता 50 टक्के, नदीत इतरत्र 30, जमिनीवर 20. डोहात गळ फिरवला. मूल तिथे असते तर सापडण्याची शक्यता 60 टक्के धरू. काही सापडले नाही. आता डोहाच्या 50 पैकी 20 उरले, बाकीचे 50 तसेच, एकूण 70. म्हणजे डोहाची शक्यता उतरून सुमारे 29 टक्के झाली, आणि जमिनीची 20 वरून चढून तीही तेवढीच, 29. डोह पुन्हा तितक्याच बारकाईने तपासला आणि पुन्हा हाती काही आले नाही, तर डोह 14 वर येतो आणि जमीन 34 च्या वर जाते. जमिनीवर नवे काहीही कळलेले नसताना! नदीने दिलेल्या 'नाही' ने जमिनीचे पारडे जड केले. आकडे काल्पनिक आहेत, पण रीत खरी आहे. कागदावर हे मांडले नाही तर मन उलट चालते: जितका वेळ डोहात घालवला तितके 'इथेच असणार' असे वाटू लागते.

यात दुसरी बाजूही आहे. 60 टक्के म्हणजे 100 नव्हे. डोह पूर्ण बाद होत नाही. 1 जून 2009 रोजी अटलांटिकमध्ये कोसळलेले एअर फ्रान्सचे 447 क्रमांकाचे विमान शोधताना त्याच्या शेवटच्या नोंदलेल्या ठिकाणाजवळचा भाग ध्वनियंत्रांनी ऐकून बाद केला गेला होता. पुढे गणितज्ञांनी विचारले, की विमानातली संदेश देणारी यंत्रेच बंद पडली असतील तर? तो भाग पुन्हा मोजणीत धरला आणि एप्रिल 2011 मध्ये अवशेष तिथे सापडले. साधन निकामी ठरण्याची शक्यता हिशेबात ठेवली, म्हणून. आपल्याकडे यासाठी लागते ती एक वही आणि तलाठ्याकडचा गावनकाशा: पात्राचे तुकडे, प्रत्येकापुढे वेळ, साधन, माणसे, पाण्याची पातळी, आणि किती भरवसा. बाहेरून आलेल्या पथकाच्या हातात पहिल्यांदा ही वही पडायला हवी.

शोधणाऱ्यांचा जीव

उजनीच्या त्या दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, 22 मे 2024 ला, अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुक इथे प्रवरेत दोन तरुण बुडाले. एकाचा मृतदेह मिळाला, दुसऱ्यासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक आले. 23 मेच्या सकाळी शोध सुरू झाल्यावर त्यांची नाव उलटली आणि दलाचे तीन जवान बुडून गेले. पोहता येणारी, प्रशिक्षित, लाइफ जॅकेट वापरणारी माणसे. त्यांच्याविषयी लिहिताना हात जड होतो.

अशी नाव कशी उलटू शकते? पाणी बंधाऱ्यावरून पडते तिथे पायथ्याशी ते गोल फिरते: वरून पडलेले तळाला जाते, थोडे पुढे वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे मागे ओढले जाते. वरून पाहणाऱ्याला फक्त फेस दिसतो. तिथे गेलेली नाव मागे खेचली जाते, धारेखाली सापडून भरते, आणि माणूस त्या चक्रातून सहजी सुटत नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने जॅकेटही पुरते उचलत नाही. जगभर अशा बुटक्या बंधाऱ्यांनी बचाव पथकांचे बळी घेतले आहेत.

म्हणून क्रम ठरलेला असावा. पाण्यात नाव उतरण्याआधी तहसीलदारांनी जलसंपदा विभागाकडून वरचे आवर्तन थांबवून घ्यावे. धरणाचे दार मिटले म्हणजे खालचे पाणी लगेच उतरत नाही. वीस किलोमीटरवरच्या गावाला त्याचा परिणाम दिसायला पाच-सहा तास सहज लागतात. तेवढे थांबावे. हे थांबणे घरच्यांना असह्य असते, काठावरचे लोक अधिकाऱ्यांना शिव्या घालतात, आणि त्या दबावाखाली नावा सुटतात. पण पहिला तास गेलेला आहे. डोहात जे आहे ते तिथेच राहणार आहे. घाई करायची तर उसात करावी, रस्त्यावर करावी.

भोई, कोळी, कहार समाजातले जे लोक पिढ्यान्‌पिढ्या या पात्रात उतरत आले त्यांना नदीचा अंदाज असतो, आणि जिल्ह्यातले कितीतरी मृतदेह त्यांनीच काढून दिले आहेत. त्यांना दोर, जॅकेट आणि विमा न देता 'उतर रे' म्हणणे मला अन्यायाचे वाटते. राष्ट्रीय दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, राज्य दल धुळ्याला. त्यांना पोचायला तास लागणारच. मधल्या वेळात स्थानिक माणसांच्या जिवावर शोध चालतो.

कागद

बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी सांगितले, की बेपत्ता मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी असे सुरुवातीला गृहीत धरायचे. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 खाली नोंदवला जातो. चोवीस तास थांबा, असे कुणी म्हणत असेल तर त्याला कायद्याचा आधार नाही. हद्दीचा वाद घालायचा नाही, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा घेता येतो. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जायला हवा.

नदीचा शोध या कायदेशीर गृहीतकाला अडवतो तो इथे. 'बुडाले असावे' असे मत बनले की डायरीत अकस्मात मृत्यूची भाषा येते, अपहरणाचा तपास सैल होतो, टोलनाक्यावरची, एसटी स्टँडवरची कॅमेऱ्यातली चित्रे मागवायची राहतात, आणि ती काही दिवसांत आपोआप पुसली जातात. नदी पंधरा दिवसांनीही तपासता येईल. ती चित्रे मिळणार नाहीत. म्हणून पाण्यात शोध सुरू असताना ठाण्यातल्या एका अंमलदाराने फक्त हेच काम करावे.

आणि मृतदेह मिळाला तरी प्रश्न संपत नाही. मूल पाण्यात पडले की टाकले गेले, हे शवविच्छेदनाने ठरवायचे असते. अस्थिमज्जेत पाण्यातले सूक्ष्म डायटम मिळाले तर बुडताना श्वास चालू होता याला पुष्टी मिळते, आणि त्यासाठी त्याच जागेच्या पाण्याचा नमुना त्याच दिवशी घेतलेला असावा लागतो.

काहीच मिळाले नाही तर? भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 111 प्रमाणे सात वर्षे कसलीच खबर नसली तरच मृत्यू गृहीत धरता येतो. तोवर ते मूल कागदावर जिवंत आहे, आणि तसेच राहायला हवे. मार्च उलटला की तोडकऱ्यांच्या कोप्या उठतात. लेकरू हरवलेले आईबापही मुकादमाच्या गाडीतून गावी परततात, पुढच्या वर्षी भलत्याच कारखान्यावर जातात, सिमकार्ड बदलते. पैठणच्या बाजूला महिन्याभराने काही अवशेष काठाला लागले तर ते कुणाचे हे विचारायला कुणी सापडत नाही. म्हणून कोपी उठण्याआधी आईच्या रक्ताचा नमुना डीएनएसाठी घेतलेला असावा, आणि तिच्या गावच्या पोलीस पाटलाचा व मुकादमाचा नंबर शोधाच्या त्याच वहीत, डोहाच्या नकाशाशेजारी, लिहिलेला असावा.